तात्या विंचू शाळेत यावा का?





सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुटीआधीच्या शनिवारी शाळेच्या सभागृहात एक मराठी चित्रपट दाखवायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. कोणता दाखवायचा हे आजवर शिक्षकच ठरवत आले. यंदा मुलांनाच विचारावे असे आम्हाला वाटले. वर्गावर्गातून चिठ्ठ्या गोळा झाल्या आणि सर्वांत जास्त चिठ्ठ्या निघाल्या महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ला! १९९३ सालचा चित्रपट. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मुलांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

निकाल फळ्यावर लागला त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे काही पालकांचे आणि एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे आले, की शाळेने असली मारधाड दाखवू नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. सातवीतल्या एका मुलाने सायकल स्टँडच्या पत्र्यावरून खाली रेतीच्या ढिगावर उडी मारली आणि मनगटाचे हाड मोडून घेतले. मोबाइलवर पाहिलेल्या एका चित्रपटातला नायक गच्चीवरून थेट जीपमध्ये उतरतो, तसे त्याला करून पाहायचे होते. साहजिकच दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या गेल्या आणि प्रश्न आमच्या टेबलावर आला : अतिरंजित मारधाडीचे विनोदी चित्रपट मुलांना दाखवावेत की दाखवू नयेत?

शाळेतर्फे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. त्याआधी एक कबुली. आमचे शिक्षण पदवीपर्यंत इंदूरला मामांकडे, हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी आणि वहीत हिंदी, असा सगळा कारभार! आजही आमच्या लिहिण्यात हिंदी वळणे येतात आणि मराठीच्या बाई दर अंकाला ती मुकाट्याने दुरुस्त करतात. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी विरोधी पक्षाचे म्हणणे मांडतो, कारण ते टाकाऊ नाही.

पहिला आक्षेप इजेचा. पडद्यावर नायक पडतो, उठतो, कपडे झटकतो आणि पुढच्या गुंडाकडे वळतो. पाहणाऱ्या मुलाच्या मनात पडण्याची किंमत शून्य होते. दुसरा आक्षेप थट्टेचा. या चित्रपटांतले पुष्कळसे विनोद कुणाच्या तरी अंगावर बेतलेले असतात. जाडा, काळा, तोतरा, ठेंगणा, टकला ही माणसे जणू हसण्यासाठीच जन्माला आली! कोठारे यांच्या 'थरथराट'मधल्या (१९८९) खलनायकाचे नावच मुळी टकलू हैवान. आपल्याच शाळेत मागच्या वर्षी घरातल्या दुःखामुळे डोके भादरलेल्या एका मुलाला आठवडाभर या नावाने हाक मारली गेली. ज्यांनी मारली त्यांनी आमच्या खोलीत येऊन क्षमा मागितली आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. तिसरा आक्षेप भीतीचा आणि अंधश्रद्धेचा. 'झपाटलेला'त एक गुन्हेगार मंत्राच्या बळावर मरताना आपला जीव बाहुलीत घालतो. लहान मुले रात्री बाहुलीजवळ झोपणार नाहीत, असे एका आईने आम्हाला सांगितले. त्यांचे म्हणणे आम्हाला पटले.

चौथा आक्षेप ज्येष्ठ विश्वस्तांचा, आणि तो आमच्या मनाला सर्वांत जास्त लागला. ते म्हणाले, "सर, आपण कुठल्या मातीत बसलो आहोत? इथे खरे शौर्य घडले. मुलांना ते सांगायचे सोडून बाहुल्यांच्या मारामाऱ्या काय दाखवता?"

त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले, २८ जुलैला नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. सिल्वासाहून नरोलीला जाताना वाटेत आपले अथाल लागते, म्हणजे ही हकीकत अगदी आपल्या दारातली आहे. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेल्या तरुणांमध्ये सुधीर फडके होते. मराठी चित्रपटांना अवीट चाली देणारे तेच बाबूजी! चित्रपटाच्या दुनियेतला माणूस इथे आला, तेव्हा त्याच्यासाठी खाली गादी अंथरलेली नव्हती आणि चुकले तर पुन्हा घेऊ असे म्हणणारा दिग्दर्शकही नव्हता.

हे सारे मान्य करूनही आमचे मत दुसरीकडे झुकते. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अकरावी-बारावीत असताना इंदूरच्या एका टॉकीजमध्ये आम्ही मामेभावाबरोबर 'अमर अकबर अँथनी' पाहिला. मनमोहन देसाई यांचा हा चित्रपट १९७७ सालचा, तेव्हा तो पुन्हा लागला होता. सुरुवातीचा प्रसंग घरोघरी माहीत आहे. लहानपणी ताटातूट झालेले तीन भाऊ, एकमेकांना न ओळखता, शेजारशेजारच्या खाटांवर पडून एकाच वेळी रक्त देत आहेत. तिघांचे रक्त नळ्यांतून वर चढते, एका बाटलीत जमते आणि तिथून खाली एका बाईच्या शरीरात जाते. ती त्यांचीच आई! मामेभाऊ विज्ञान शाखेचा. तो आमच्या कानाशी लागला, "अरे, रक्त वर चढतंय!" आम्ही दोघे इतके हसलो की पुढच्या रांगेतले गृहस्थ मागे वळून रागावले. आणि गंमत अशी, की हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले होते.

आज विचार करतो तेव्हा वाटते, त्या हसण्यात आम्ही फार मोठी गोष्ट करत होतो. द्रव आपोआप वर चढत नाही हा नियम आम्हाला ठाऊक होता. रक्तगट तपासल्याशिवाय रक्त देत नाहीत हेही ठाऊक होते. नियम ठाऊक होता म्हणून तो मोडलेला दिसला, आणि दिसला म्हणून हसू आले. ज्याला नियम ठाऊक नाही त्याला त्या प्रसंगात हसण्यासारखे काहीच सापडणार नाही. तो फक्त विश्वास ठेवील. आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे : अतिरंजित दृश्याला हसणारे मूल अतिरंजन ओळखते. धोका न हसणाऱ्याला असतो.

हाताला प्लास्टर घातलेला आपला विद्यार्थी शाळेत परत आला, तेव्हा आम्ही त्याला विचारले, "ती उडी पाहून तुला हसू आले होते का रे?" तो गोंधळला. म्हणाला, "नाही सर. ती भारी होती." त्याने पाहिलेल्या चित्रपटात संगीत गंभीर होते, नायकाचा चेहरा गंभीर होता, सगळेच गंभीर होते. इथे थाप आहे असे त्याला कुणीही सुचवले नव्हते. मोबाइल त्याच्या एकट्याच्या हातात होता आणि शेजारी कानाशी लागणारा मामेभाऊ नव्हता.

त्या आठवड्यात आठवी-नववीला आम्ही स्वतः एक तास घेतला. सायकल स्टँडचा पत्रा जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर पोचतो तेव्हा त्याचा वेग किती असेल? मुलांनी गणित केले : सेकंदाला ७ मीटर, म्हणजे तासाला सुमारे २५ किलोमीटर. मग आम्ही दहा मीटरची उंची दिली, साधारण तीन मजल्यांची. उत्तर आले तासाला सुमारे ५० किलोमीटर, आणि खाली पोचायला लागणारा वेळ दीड सेकंदाहूनही कमी! पडद्यावरचा नायक तेवढ्यात एक संवाद म्हणतो, दोन गुंडांना लाथा घालतो आणि गॉगलही सारखा करतो. वर्गात हशा पिकला. गुरुत्वाकर्षणाचा धडा इतका मन लावून ऐकलेला आम्ही बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

आता मुलांनी निवडलेल्या चित्रपटाकडे आणि त्याच्या भावंडांकडे पाहू. कोठारे स्वतः 'छोटा जवान'मध्ये (१९६३) बालकलाकार होते. पुढे दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी 'दे दणादण' (१९८७) केला. त्यातला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा हवालदार मारुतीच्या कृपेने अफाट बलवान होतो, पण लाल रंग दिसला की त्याची सगळी शक्ती गळून पडते! मग आला 'धडाकेबाज' (१९९०), मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून ओळखला जाणारा. त्यात कवट्या महाकाळ आहे आणि बाटलीत कोंडलेला गंगारामही आहे. या चित्रपटांतला बेर्डे यांचा लक्ष्या घाबरतो, पळतो, मार खातो, रडकुंडीला येतो. त्याच्या चेहऱ्यावरून मुलांना कळते की मारले की दुखते. उलट गंभीर मारधाडीतला नायक कधी कळवळतच नाही. मुलांच्या दृष्टीने या दोघांत अधिक खरा कोण, हे पालकांनीच ठरवावे.

'झपाटलेला'ची मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या हॉलिवूडच्या चित्रपटाची आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण ती इकडे आली आणि अस्सल मराठी झाली. तात्या विंचू मरण्यापूर्वी पडद्यावर दिसतो तो दिलीप प्रभावळकर यांच्या रूपात, आणि नंतरची बाहुली घडवली शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. वडिलांच्या अर्धवटरावाला ज्यांनी घरोघरी पोचवले तेच हे पाध्ये. म्हणजे ज्या बाहुलीला मुले भिणार, तिच्यामागे कारागिराचा हात आणि शब्दभ्रमाची कला आहे. ती कला मुलांना दाखवता आली, तर भीती कुठल्या कुठे पळेल.

आणखी एक गोष्ट, जी महाराष्ट्रात राहणाऱ्यांच्या चटकन लक्षात येणार नाही. आपली मुले वर्गात मराठी बोलतात, पण मैदानात? क्रिकेट हिंदीत, भांडण हिंदीत, दुकानात गुजराती. मराठी ही आईची, आजीची आणि परीक्षेची भाषा होऊन बसली आहे. चिठ्ठ्यांचा निकाल लागल्यापासून मात्र मधल्या सुटीत मुले तात्या विंचूचा आवाज काढून एकमेकांना मराठीत घाबरवताना आम्ही कानांनी ऐकली. ज्या भाषेत मूल दंगा करते ती भाषा टिकते. आम्ही हिंदीत शिकलो, पण आमचे मराठी टिकले ते मामींच्या रागावण्यामुळे आणि सुटीत घरी आलो की भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवरच्या याच चित्रपटांमुळे. एक कॅसेट, भाड्याचा व्हीसीआर आणि अर्धी आळी आमच्या पडवीत! हे ऋण नाकारणे आम्हाला जमणार नाही.

आता पुन्हा इजेच्या आक्षेपाकडे येऊ, कारण त्याला पुरेसे उत्तर दिलेले नाही. त्याचे उत्तरही मनमोहन देसाई यांच्याच आणखी एका चित्रपटात आहे. जुलै १९८२ मध्ये बंगळूरला 'कुली'च्या मारामारीचे चित्रीकरण चालू असताना अमिताभ बच्चन यांच्या पोटाला गंभीर इजा झाली आणि कित्येक दिवस ते मृत्यूशी झुंजत होते. १९८३ साली चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा नेमक्या त्या प्रसंगी पडद्यावरचे चित्र थांबवले आहे, आणि इजा इथे झाली असे प्रेक्षकांना लिहून सांगितले आहे. धावत्या मारामारीच्या मधोमध ते स्तब्ध चित्र! त्या आजारपणात दिलेल्या रक्तातून आपल्याला हिपॅटायटिस-बीची लागण झाली आणि यकृताचा मोठा भाग निकामी झाला, असे बच्चन यांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितले. एका चित्रपटात तीन भावांचे रक्त न तपासता बाटलीत मिसळते आणि आई वाचते. प्रत्यक्षात त्याच नटाच्या शरीरात रक्तातून रोग शिरतो. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर मुलांना आणखी काही शिकवावे लागणार नाही.

परदेशातही हेच दिसते. 'सेफ्टी लास्ट' (१९२३) या मूकपटात इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा हॅरॉल्ड लॉइड सर्वांनी निदान चित्रात तरी पाहिला आहे. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी १९१९ साली, नकली समजून हाती घेतलेल्या बाँबच्या स्फोटात गेली होती. जॅकी चॅन आपल्या अनेक चित्रपटांच्या शेवटी फसलेल्या उड्या आणि पडझड प्रेक्षकांना दाखवतो. आधी हसवायचे, मग हसण्याची किंमत कुणी मोजली ते दाखवायचे. हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो.

आणि याची सुरुवात तर आपल्याच दादासाहेब फाळके यांनी केली आहे. 'कालिया मर्दन' (१९१९) या त्यांच्या मूकपटात त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि कालियाशी लढली. पण चित्रपट सुरू होतो तो तिच्या साध्या चेहऱ्याने. ती निरनिराळे हावभाव करून दाखवते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. पाहा, ही एक मुलगी आहे आणि आता ती सोंग घेणार आहे, असे फाळके आधीच सांगून टाकतात. तरीही पुढची लढाई पाहताना कुणाचा रस कमी होत नाही. आपल्याजवळच्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातही हेच घडते. मुखवटा घातलेला राक्षस समोर नाचत येतो, मुले किंचाळतात, हसतात, आणि मुखवट्याखाली गावातलाच कुणीतरी काका आहे हेही त्यांना ठाऊक असते. भीती, हसू आणि समज तिन्ही एकदमच!

तेव्हा आमचा निर्णय असा. 'झपाटलेला' दाखवला जाईल, पण पाचवी ते दहावीच्याच मुलांना. पहिली ते चौथीसाठी त्या दिवशी वेगळा कार्यक्रम असेल. चित्रपटाआधी चित्रकलेचे सर कापडी बाहुली घेऊन ओठ न हलवता बोलण्याचा प्रयत्न करतील. जमले नाही तर मुलांनी हसावे. चित्रपटानंतर अर्धा तास चर्चा होईल. त्यात प्रत्येक वर्गाने तीन गोष्टी सांगायच्या : कोणता नियम मोडला, प्रत्यक्षात कुणाला लागले असते, आणि कोणत्या विनोदात कुणाचा तरी अपमान होता. शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे. हे चित्रपट आम्हाला प्रिय आहेत म्हणून त्यांचे दोष झाकावेत असे नाही. माणसाच्या टकलाला किंवा कुबडाला हसणे आमच्या शाळेत चालणार नाही, मग ते पडद्यावर कितीही खपो.

ज्येष्ठ विश्वस्तांना नम्र विनंती अशी, की २ ऑगस्टच्या कार्यक्रमात मुक्तिलढ्याची हकीकत आपणच मुलांना सांगावी. ती सांगताना त्या तरुणांना भीती वाटली होती का, पाऊस किती होता, परत येऊ याची खात्री होती का, हेही सांगावे. पडद्यावरच्या नायकाला लागत नाही, खऱ्या माणसाला लागते आणि तरीही तो जातो. हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला दोन्ही दाखवायला हरकत नाही. न कळलेल्या मुलाला मात्र खरा इतिहासही चित्रपटासारखाच वाटेल, आणि ते अधिक वाईट.

पालकांना विनंती एवढीच. मूल मोबाइलवर मारधाड पाहत असेल तर मोबाइल हिसकावण्याआधी पाच मिनिटे शेजारी बसा. रक्त वर चढताना दिसले तर कानाशी लागून सांगा. ही पाच मिनिटे शाळा तुमच्या वतीने देऊ शकत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आमच्या या मताशी तुम्ही सहमत असलेच पाहिजे असे मुळीच नाही. सुटीनंतर याच विषयावर वादविवाद स्पर्धा ठेवली आहे. विरोधी बाजूने बोलायला पहिले नाव कुणाचे आले, सांगू? हाताला प्लास्टर असलेल्या आपल्या त्याच मित्राचे! त्याची तयारी चांगली चालली आहे असे ऐकतो. तो जिंकला आणि आमचे मत खोडून निघाले, तर पुढच्या अंकात हे पान त्याला देऊ.

दिवाळीच्या आपणा सर्वांना शुभेच्छा. फटाके जपून उडवा.

आपला,
मुख्याध्यापक